गेटवरचे तास हजेरीत धरा: स्थानिक मालवाहतुकीच्या मालकांना खुले पत्र

ट्रकमालक, वाहतूक ठेकेदार आणि गोदामांचे व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली २२ वर्षं मी ट्रक चालवतो आहे. सुरुवातीची ९ वर्षं लांब पल्ल्यावर गेली, पुढची ७ स्थानिक फेऱ्यांवर, आणि गेली ६ वर्षं मी बहुतेक वेळ शेजारच्या सीटवर असतो. स्टेअरिंगवर नवा मुलगा असतो, नुकताच परवाना मिळालेला, खांदे वर ओढून बसलेला. पहिला आठवडा संपायच्या आत तो एक प्रश्न विचारतो. शब्द थोडे बदलतात, प्रश्न तोच: "काका, लोकल फेऱ्यांच्या पगारात भागेल ना?"

बरीच वर्षं मी "भागेल, जरा दम धर" असं उत्तर देत आलो. आता ते उत्तर माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे. त्या मुलाचं भागणार की नाही हे ज्या गोष्टींवर ठरतं, त्या त्याच्या हातात नाहीत आणि माझ्याही नाहीत. त्या तुमच्या हातात आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्थानिक ट्रकचालकाचा पगार कागदावर पाहिला तर वाईट दिसत नाही. अंगमेहनतीच्या पुष्कळ कामांपेक्षा तो बरा असतो. पण तो पगार किती तासांचा आहे, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. ते तास मोजायला बसलं की जुन्या चालकाचं भागताना दिसतं आणि पहिल्या वर्षातल्या चालकाचं भागत नाही. यात थोडा वाटा अनुभवाच्या फरकाचा आहे, तो मला मान्य आहे. मोठा वाटा मात्र आपण हिशेब कसा करतो याचा आहे.

स्थानिक काम तुम्हाला समजावून सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील. सकाळी आपल्या यार्डातून गाडी निघते आणि त्याच रात्री यार्डात परत येते. बंदरातला कंटेनर गोदामापर्यंत, गोदामातला माल दुकानांपर्यंत, प्लँटमधलं काँक्रीट बांधकामापर्यंत, कारखान्यातले सुटे भाग दुसऱ्या कारखान्यापर्यंत. चालक आपल्या घरी झोपतो. नव्या माणसाला कामावर घेताना हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगितली जाते, आणि पगाराचा आकडा कमी का, याचं कारण म्हणूनही हीच सांगितली जाते. घरी झोपणं मोलाचं आहे, हे मी नाकारत नाही. ९ वर्षं केबिनमध्ये झोपलेल्या माणसाला ते कोणी शिकवू नये. पण १४ तासांनी घरी पोचलेला माणूस घरी फक्त झोपतोच. मुलं आधीच झोपलेली असतात आणि सकाळी ती उठायच्या आत तो निघालेला असतो.

हे १४ तास मी मनचे सांगत नाही. अमेरिकेत स्थानिक चालकांसाठी नियमांत एक सवलत आहे. कामावर हजर झाल्याच्या ठिकाणापासून १५० हवाई मैलांच्या आत, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरच्या परिघात काम करून १४ तासांच्या आत परत येणाऱ्या चालकाला रोजची तपशीलवार नोंदवही ठेवावी लागत नाही. २०२० पूर्वी ही मर्यादा १०० मैल आणि १२ तास होती. ती वाढवली. कागदपत्रं कमी झाली हे चांगलंच, पण १४ तासांचा दिवस स्थानिक कामात सहज बसतो असं नियमानेच धरून चालावं, याची मला काळजी वाटते.

आता एका दिवसाचं सांगतो. शेजारी बसून मी तो दिवस वहीत टिपून ठेवला आहे.

साडेपाचला यार्डात हजर. अंधारात बॅटरी घेऊन गाडीभोवती फेरी: टायर, हवा, ब्रेक, दिवे, ताडपत्रीचे दोर, मागच्या दाराची कडी. नव्या मुलाला याला अर्धा तास लागला, कारण तो मनापासून बघत होता. सव्वासहाला गाडी बाहेर. सातला पहिल्या गोदामाच्या गेटवर. खिडकीतून हात बाहेर आला, कागद घेतले, चिठ्ठी दिली. आमचा नंबर अकरावा. गाडी सोडून जायचं नाही, कारण रांग पुढे सरकली की गाडीही सरकवावी लागते. इंजिन बंद ठेवायचं, डिझेल जाळायचं नाही. झोपायचंही नाही, कारण नंबर पुकारला आणि आपण गेलो नाही तर रांगेच्या शेपटाला. नऊ चाळीसला डॉक, म्हणजे माल चढवायचा धक्का, मिळाला. माल भरून, मोजून, सही-शिक्के होऊन निघेपर्यंत सव्वाअकरा. मग ५० मिनिटं रस्ता. पुढे तीन ठिकाणी माल उतरवायचा, त्यातल्या दोन जागा अशा की गल्लीतून उलटं आत जावं लागतं. त्यानंतर दुसरी खेप, दुसरं गोदाम, पुन्हा चिठ्ठी, पुन्हा रांग. संध्याकाळी सातला यार्डात येऊन चावी आणि पावत्या जमा केल्या.

एकूण साडेतेरा तास. त्यातली चाकं फिरली ती ४ तास ४० मिनिटं. वाट पाहण्यात गेले ५ तास १० मिनिटं. उरलेले ३ तास ४० मिनिटं भरणं, उतरवणं, गाडी लावणं, तपासणी आणि कागद यांत गेले. त्याला पैसे मिळाले दोन खेपांचे.

त्याच यार्डातला एक जुना चालक त्याच मार्गावर ११ तासांत तीन खेपा करतो. तो काही गाडी पळवत नाही. कुठल्या गोदामात किती वाजता पोचलं की रांग छोटी असते, हे त्याला ठाऊक आहे. निघण्याआधी तो फोन करतो आणि समोरचा त्याचा फोन उचलतो. डॉकला गाडी तो एका दमात लावतो. हे सगळं शिकायला वर्ष जातं, दीड वर्ष जातं. तोवर नव्याला काय मिळतं ते बघा. जुना ११ तासांत ३ खेपा करतो, नवा साडेतेरा तासांत २. दोघांचा खेपेचा दर एकच, म्हणून वरून बघणाऱ्याला सगळं न्यायाचं वाटतं. तासाला भागून पाहा. नव्याच्या एका तासाला जुन्याच्या तासाच्या निम्म्याहून जेमतेम थोडं जास्त पडतं. घर चालवायला लागणारा पैसा मात्र दोघांना सारखाच लागतो. उलट नव्याच्या डोक्यावर परवान्याच्या शिक्षणासाठी काढलेलं कर्जही असतं.

त्या रात्री चावी जमा केल्यावर तो मुलगा फोनवर हिशेब करत उभा होता. मी बघतोय हे लक्षात आल्यावर त्याने फोन खिशात घातला. त्याने काय भागिलं होतं ते मी विचारलं नाही. मीही तेच भागत होतो.

वाट पाहण्याचे ते ५ तास १० मिनिटं या पत्राचं खरं कारण आहेत. त्या वेळेला आपल्या धंद्यात कोणी काम मानत नाही. "बसूनच तर होता" असं मी मालकांच्या तोंडून ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर तरुणपणी माझ्याही तोंडून ते निघालंय. पण गाडी सोडता येत नाही, झोपता येत नाही, घरी जाता येत नाही, दुसरं कुठलं काम करता येत नाही. मग तो वेळ कोणाचा? चालकाचा असता तर त्याला तो हवा तसा वापरता आला असता. युरोपीय संघाने २००२ च्या आपल्या निर्देशात हा गुंता सोडवून ठेवला आहे. माल भरण्या-उतरवण्यासाठी थांबावं लागलं आणि ते किती वेळ थांबणं आहे हे आधी माहीत नसेल, तर तो वेळ कामाच्या वेळेत धरायचा, असं त्यात म्हटलंय. ही कसोटी मला फार आवडते, कारण ती चालकाच्या बाजूने विचार करणाऱ्या कुणीतरी लिहिली असावी असं वाटतं. दोन तास थांबायचंय हे पक्कं कळलं तर माणूस पाठ टेकतो. केव्हाही पुकारतील असं असेल तर तो कान टवकारून बसतो, आणि कान टवकारून बसणं हेच थकवतं.

अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये एक अहवाल दिला. गोदामात गाडी थांबण्याचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला की अपघातांचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं, असा अंदाज त्यांनी काढला. अशा खोळंब्यामुळे एका चालकाचं वर्षाला १,२८१ ते १,५३४ डॉलरचं उत्पन्न बुडतं, असाही हिशेब त्यात आहे. गोदामांच्या व्यवस्थापकांना मी हात जोडून सांगतो, हा आकडा एकदा नीट वाचा. तुमच्या गेटवर गेलेली १५ मिनिटं पुढे रस्त्यावर कोणाच्या तरी अंगावर येतात. खेपेवर पैसे मिळणारा चालक गेटवर गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढायला बघतो. नवा चालक तर जास्तच, कारण त्याला आधीच आपण मागे पडलोय असं वाटत असतं.

याच कारणाने युरोपात २००६ च्या नियमावलीत आणखी एक कलम आहे. किती किलोमीटर कापले किंवा किती माल वाहिला यावर चालकाला पैसे देण्याची पद्धत जर रस्ता-सुरक्षेला धोका आणत असेल किंवा नियम मोडायला भाग पाडत असेल, तर तसे पैसे देता येत नाहीत. २०२० मध्ये त्यात माल किती लवकर पोचवला, हेही जोडलं. आपल्या धंद्यात खेपेचा दर ही इतकी जुनी रीत आहे की तिच्याशिवाय गाडी चालेल असं कुणाला वाटतच नाही. माझं म्हणणं एवढंच की निदान नव्या माणसाच्या पहिल्या वर्षात तरी ती रीत बाजूला ठेवा.

उलट्या दिशेची उदाहरणंही आहेत, ती लपवणार नाही. अमेरिकेत १९३८ च्या कामगार कायद्याने ४० तासांनंतर दीडपट ओव्हरटाइम दिला, पण आंतरराज्य मालवाहतुकीतल्या अवजड वाहनांच्या चालकांना त्यातून वगळलं, आणि ते वगळणं आजही कायम आहे. भारतात १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा वेळेला दुप्पट दर घालून दिला, पण तो ५ किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांसाठी होता. ज्याच्याकडे दोन-तीन गाड्या आहेत तो सुटला, आणि नवा चालक शिकायला जातो तो बहुधा अशाच मालकाकडे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७९ चा १५३ क्रमांकाचा करार गाडी, प्रवासी आणि माल यांच्याशी जोडलेलं पूरक कामही कामाच्या तासांत मोजतो. पण त्याला मान्यता देणारे देश थोडेच निघाले. म्हणजे काय योग्य, हे लिहून ठेवून जवळजवळ अर्धं शतक होत आलं. राबवायचं राहिलंय.

आता नुकसानभरपाईबद्दल. हा विषय काढला की मालक चिडतात, तरी काढतो.

मी नव्यांना पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतो. गाडी मागे घेताना शंका आली की थांब, हँडब्रेक लाव, खाली उतर, मागे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग परत चढ. आरशात दिसत नाही असा बराच भाग मागे असतो. एकदा उतरून बघायला दोन-तीन मिनिटं लागतात. दिवसात आठ-दहा वेळा गाडी मागे घ्यायची असेल तर अर्धा तास याच कामात जातो, आणि तो अर्धा तास कुठल्याही दरपत्रकात नाही.

एकदा एका गोदामात माझ्या शेजारचा मुलगा दोनदा उतरून बघून आला. तिसऱ्यांदा गाडी सरळ होईना. मागच्या गाडीचा हॉर्न सुरू होता, डॉकवरचा माणूस हातवारे करून ओरडत होता, आणि दुसरी खेप हुकायची वेळ झाली होती. त्याने माझ्याकडे बघितलं. मी "उतर" म्हणायला तोंड उघडलं तोवर त्याने गाडी मागे सोडली होती. डाव्या बाजूच्या लोखंडी खांबाला मागचा कोपरा घासला, दिवा फुटला, पत्रा आत गेला. आवाज फार मोठा नव्हता. त्या मुलाचा चेहरा मात्र मला अजून आठवतो. तो खाली उतरला आणि फुटलेल्या दिव्याचे तुकडे एकेक करून उचलायला लागला, जणू ते जोडता येणार होते.

मालकाने ते पैसे चार महिने त्याच्या पगारातून कापले. मी बोलायला गेलो, तर "शिकेल त्यातून" असं उत्तर मिळालं. तो त्यातून एवढंच शिकला की घासलं तर सांगायचं नाही. पुढच्या वेळी एका गाडीचा आरसा सैल झाला होता, आणि ते तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच चालकाच्या लक्षात आलं. मालकहो, ताशी दोन-तीन किलोमीटर वेगाने मागे घेताना लागलेला ओरखडा हा शिकण्याचा खर्च आहे. नवा माणूस घेताना तुम्ही तो धरायला हवा, जसा नवा टायर घेताना झिजेचा खर्च धरता. निष्काळजीपणा वेगळा, फोनवर बोलत गाडी चालवणं वेगळं. त्याला जरूर जबाबदार धरा. पण ज्याला उतरून बघायला वेळच दिला नाही, त्याच्याकडून दिव्याचे पैसे घेऊ नका.

नव्याला मिळतं काय, हेही एकदा बघा. यार्डातली सगळ्यात जुनी गाडी, जिचा क्लच जड आणि सीट खचलेली. जुन्यांनी नाकारलेल्या फेऱ्या. कधी पहाटे तीनला, कधी दुपारी दोनला, कधी "फोन करतो, तयार राहा". त्या फोनची वाट बघत घरी काढलेला दिवस हजेरीत नसतो. इंधनाचे टँकर, कचरागाड्या, ठरलेल्या वेळेची तासावरची कामं ही स्थानिकमधली चांगली कामं, आणि त्यांना बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षांचा अनुभव लागतो. अनुभव नसलेल्या चालकामुळे विम्याचा भार वाढतो, हे मालक सांगतात ते खरंही आहे. म्हणजे ज्या कामात नीट भागेल ते काम नव्याला मिळत नाही, आणि जे मिळतं त्यात भागत नाही.

वयाची गोष्टही यात येते. अमेरिकेत राज्याबाहेर ट्रक न्यायला सर्वसाधारणपणे २१ वर्षं पूर्ण लागतात, राज्याच्या आत बहुतेक ठिकाणी १८ चालतात. साहजिकच तिथला सगळ्यात तरुण चालक सुरुवात आपल्या राज्यातल्या फेऱ्यांवरच करतो. भारतात मालवाहू वाहनासाठी २० वर्षं आणि त्याआधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचा परवाना हवा. तिथेही नव्या परवान्यावर लांबचा माल सोपवायला मालक कचरतो आणि म्हणतो, आधी जवळच्या फेऱ्या मार. स्थानिक काम हे नव्यांचं शिकण्याचं ठिकाण झालं आहे. पण गर्दी, अरुंद वळणं, दिवसात दहा वेळा मागे घेणं, सायकलवाले, पायी जाणारे, शाळा सुटण्याची वेळ हे सगळं याच कामात आहे. लांब पल्ल्यावर चार तास एका लेनमध्ये जाता येतं. मी दोन्ही केलंय. हाताला आणि डोळ्याला जास्त कसब लागतं ते स्थानिक कामात, आणि तिथेच आपण सगळ्यात कच्चा माणूस सगळ्यात कमी मोबदल्यावर बसवतो.

मालकांची बाजू मला ठाऊक नाही असं समजू नका. माझा सख्खा मेव्हणा तीन गाड्यांचा मालक आहे. भाडं तो ठरवत नाही, माल पाठवणारी कंपनी ठरवते. डिझेल चढलं की दोन महिने स्वतः सोसतो. बिल तीन-तीन महिने अडकतं. त्यात कंपनी म्हणते, अमुक भाड्यात करणारा दुसरा तयार आहे. तो म्हणतो, "मी चालकाला तासावर पैसे द्यायला लागलो आणि गोदामवाल्याने गाडी सहा तास अडवली, तर ते सहा तास मी कुठून आणू?" त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच या पत्राच्या वरच्या ओळीत गोदामांच्या व्यवस्थापकांचंही नाव आहे. गाडी अडवणारा एक, पैसे द्यायची वेळ दुसऱ्यावर, आणि सोसणारा तिसरा, अशी ही मांडणी आहे. ज्याच्या दारात वेळ गेला त्याच्याकडून तो वसूल झाला, तर रांग आपोआप छोटी होईल. आज चालकाचा वेळ गोदामाला फुकट आहे, म्हणून सकाळी सातलाच १५ गाड्या बोलावून ठेवता येतात.

माल पाठवणाऱ्यालाही यात ओढता येतं, हे दक्षिण कोरियाने करून दाखवलं होतं. २०२० ते २०२२ अशी ३ वर्षं तिथे कंटेनर आणि सिमेंटच्या वाहतुकीला किमान सुरक्षित भाडं कायद्याने ठरवून दिलेलं होतं. मुदत संपत आली तेव्हा ते टिकावं म्हणून तिथल्या चालकांनी २०२२ मध्ये जूनमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये संप केला. वर्षअखेरीला मुदत संपलीच. पण जे टिकवण्यासाठी माणसं एका वर्षात दोनदा गाड्या उभ्या करतात, त्याने त्यांच्या घरात काहीतरी फरक पडला असणार.

"चालक मिळत नाहीत" ही तक्रार मी रोज ऐकतो. मिळतात, टिकत नाहीत. माझ्या ६ वर्षांत मी शिकवलेल्यांपैकी कितीतरी जण वर्षाच्या आत स्टेअरिंग सोडून गेले. कुणी गोदामातच माल उचलायच्या कामाला लागला, कारण तिथे आठ तासांनी घरी जाता येतं. त्यांच्यातल्या काहींचा हात फार चांगला होता. अमेरिकेत जे. बी. हंट या मोठ्या वाहतूक कंपनीने १९९७ मध्ये चालकांचं वेतन एकदम बरंच वाढवलं आणि अनुभवी माणसं घेतली. चालक सोडून जाण्याचं प्रमाणही घटलं आणि अपघातही. मायकेल बेल्झर हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कंपनीच्या नोंदींचा अभ्यास केला, तेव्हा वेतन वाढलं तशी अपघाताची शक्यता कमी झालेली दिसली. ते काम लांब पल्ल्याचं होतं, आणि स्थानिक कामात नेमकं तेवढंच होईल असं मी म्हणणार नाही. पण दर वर्षी नवा माणूस शोधायचा, शिकवायचा, त्याने घासलेल्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि तो गेला की पुन्हा पहिल्यापासून, या सगळ्याचा खर्च मालकाने एकदा कागदावर मांडावा. माझ्या मेव्हण्याने मांडला. त्यानंतर त्याने एका गाडीवर तासाचा हिशेब सुरू केला आहे.

माझं मागणं असं आहे. नव्या चालकाला पहिलं वर्षभर तासावर पैसे द्या, आणि तो तास चावी घेतल्यापासून चावी परत करेपर्यंतचा धरा. त्यात तपासणी आली, रांग आली, कागद आले, उतरून बघणं आलं. खेपेचा दर त्याला वर्षानंतर हवा असेल तर तो मागेल, कारण तोवर त्याचा हात बसलेला असेल. जुन्या चालकांना हे अन्यायाचं वाटेल अशी भीती मालकांना वाटते. माझ्या ओळखीच्या जुन्यांना तसं वाटत नाही. त्यांनी ते वर्ष स्वतः काढलेलं आहे.

शेजारी बसून शिकण्याच्या आठवड्यांचे पूर्ण पैसे द्या. त्या दिवसांतही तो ताडपत्री ओढतो, माल मोजतो, गेटवर धावतो. कामावर घेताना आठवड्याला निदान किती तासांचं काम मिळेल ते लिहून द्या, आणि "तयार राहा" म्हणून घरी थांबवून ठेवलेल्या दिवसाची काहीतरी हजेरी लावा. मागे घेताना झालेलं किरकोळ नुकसान पहिल्या वर्षी पगारातून कापू नका. सोडून गेलास तर शिकवल्याचे पैसे भर, अशा करारावर सह्या घेऊ नका. ज्याचं भागत असतं तो सोडून जात नाही.

गोदामांच्या व्यवस्थापकांकडे तीन गोष्टी मागतो. गाडीला वेळ द्या आणि ती पाळा. ठरलेल्या वेळेपुढे थांबवलंत तर तासाचा आकार द्या, आणि त्यातला चालकाचा वाटा चालकापर्यंत पोचतो की नाही ते भाड्याच्या करारातच लिहून घ्या. आणि गेटबाहेर थांबलेल्या माणसाला तुमचं स्वच्छतागृह वापरू द्या. आता या कामात मुलीही येऊ लागल्या आहेत. गेल्या वर्षी माझ्या शेजारी बसून शिकलेली एक मुलगी दिवसभर पाणी पीत नसे. कारण विचारल्यावर ती गप्प राहिली, आणि मला विचारल्याची लाज वाटली.

एक सोपी सुरुवात सुचवतो, तिला पैसा लागत नाही. गेटवर चिठ्ठी देताना तिच्यावर गाडी आल्याची वेळ टाका आणि बाहेर पडताना गेल्याची वेळ टाका. त्याची एक प्रत चालकाला द्या. महिन्याभराने त्या चिठ्ठ्या मालकाने, गोदामवाल्याने आणि चालकाने एका टेबलावर मांडाव्यात. मी माझी वही घेऊन येतो. त्यात मागच्या ११ महिन्यांच्या वेळा आहेत, तारखेनिशी, आणि त्या कुणालाही दाखवायला मी तयार आहे.

दिव्याचे तुकडे गोळा करणारा तो मुलगा अजून गाडीवर आहे. परवा तो मला भेटला. लग्न ठरतंय म्हणाला, मुलीकडच्यांनी पगार विचारला होता. त्याने महिन्याचा आकडा सांगितला. मग त्यांनी विचारलं, घरी किती वाजता येता?

आपला,
शेजारच्या सीटवरचा एक चालक